बंद करण्याआधी घडीभर

यंदाही चैत्र सरायच्या आत जळगाव तापलं. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे उन्हाळ्याची वर्दी मला पंचांगाआधी मिळते. माणसं डोळे बारीक करून आत येतात, काउंटरशी क्षणभर चाचपडत उभी राहतात आणि मग म्हणतात, "काळी काच दाखवा, भाऊ." समोरच्या फुटपाथवर कुंभारीण लाल घागरी मांडायला लागली, की समजायचं आखाजी जवळ आली. बाहेरच्यांची ती अक्षय्य तृतीया. ते सोनं घेतात, मुहूर्त करतात. आमच्या खान्देशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरातले लोक गेलेल्यांना पाणी देतात. नवी घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, जोडीला आंबे ठेवायचे. आपल्याला इथे एवढी तहान लागते, तर त्यांना वाटेत किती लागत असेल, असं माझी आई म्हणायची.

काल एका बाईने घागर उचलली आणि बोटाने वाजवून पाहिली. तो आवाज आला आणि माझा हात चष्म्याच्या स्क्रूवरच थांबला. घागर वाजली की हल्ली मला माझी गाडी आठवते. हे कुणाला सांगायला गेलो तर उन्हाने डोकं फिरलं म्हणतील. म्हणून सांगत नाही, लिहितो.

पन्नाशीपर्यंत मी स्कूटरवर काढली. गाडी घ्यायचीच तर लहान घे, नवी घे, असं सगळी शहाणी माणसं सांगत होती. मी जुनी घेतली, डिझेलवरची घेतली आणि मोठी घेतली. परदेशी कंपनीची, चामड्याच्या सीटांची, छताला काच असलेली. आमच्या गल्लीत ती वळते तेव्हा शेजारी कुंड्या आत ओढून घेतात. लहानपणी बोदवडला, आमच्या शाळेवरून अशीच एक मोठी गाडी धूळ उडवत गेली होती, आणि त्या धुळीत मी बराच वेळ उभा राहिलो होतो. ती धूळ माझ्या डोळ्यांतून कधी गेलीच नाही. बायकोने, लताने, गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि म्हणाली, "हत्ती तर दारात झुलायला लागला. आता माहूत कुठून आणणार?"

माहूत मीच. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या माणसाला वाटतं, गाडी म्हणजे बसायचं आणि जायचं. ही गाडी तशी नव्हती. तिला अमुकच तेल लागे. तिच्या सायलेन्सरच्या आत एक जाळी होती. शहरातल्या शहरात, दुकान ते घर आणि घर ते दुकान फिरवली, की जाळी काजळीने चोंदायची आणि समोर पिवळा दिवा लागायचा. इस्माईलभाई मेकॅनिक हातातल्या यंत्राकडे पाहून तो दिवा घालवायचे आणि माझ्यावर डाफरायचे. "साहब, ये दौडनेवाली चीज है. तुम्ही हिला भाजी आणायला नेता. हप्त्यात एकदा हायवेला पळवा, नाहीतर माझ्या दारात आणू नका." ते स्वतः गाडी सांगितलेल्या दिवशी कधी देत नसत, पण डाफरण्यात एक दिवस उशीर करत नसत. पाण्याच्या टाकीविषयी तर त्यांनी मला तंबीच दिली होती. कूलंटच टाकायचं, साधं पाणी नाही. आपल्या बोअरचं तर नाहीच. आतून चुना धरतो.

म्हणून मी दर रविवारी गाडी हायवेला काढायला लागलो. जायला चारी दिशा होत्या. भुसावळला जाता आलं असतं. पण पाळधी मागे पडली, एरंडोल आलं, पारोळा आलं, की माझ्या लक्षात यायचं, आपण आजही धुळ्याकडेच निघालो. गाडी मूळची धुळ्याची. मुकटी गावाच्या पुढे तिचा आवाजसुद्धा मऊ व्हायचा असं मला वाटे. लता म्हणायची, रस्ता तिकडे चांगला आहे म्हणून. तसंही असेल.

ती धुळ्याहून आणली तो दिवस थंडीचा होता. देवपुरातली अरुंद गल्ली, निळ्या फाटकाचं घर. गाडीचा मालक शरद दिवाळीच्या आधी गेला होता. जिनिंगचा धंदा होता त्याचा. कापसाच्या गाठी मोजता मोजता छातीत कळ आली आणि दवाखान्यातून परत आला नाही. वय माझ्याहून कमी. विक्रीचं सगळं त्याचा चुलतभाऊ बघत होता. वहिनी, म्हणजे शरदची बायको, बाहेर आलीच नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा होता, तेवढा दिसला. मी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली, फाटकाशी उभी केली आणि बटण दाबून बंद केली. त्याच क्षणी आत काहीतरी पडलं. स्टीलचं भांडं असावं. ते फरशीवर बराच वेळ गरगरत राहिलं आणि कोणी उचललं नाही.

शरदचे वडील, आबा, ओट्यावर काठी धरून बसले होते. ते उठून आले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "अशी एकदम बंद नको करू, भाऊ. इंजिनले घडीभर दम खाऊ दे. मना पोऱ्या रोज असाच बसे." मी ते म्हाताऱ्या बापाचं बोलणं म्हणून ऐकून घेतलं. पुढे इस्माईलभाईंनीही तेच सांगितलं. आत एक छोटा पंखा असतो, लांबून आल्यावर तो लालबुंद झालेला असतो. इंजिन एकदम थांबवलं की पंखा फिरत राहतो आणि त्याला तेल मिळत नाही. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर गाडी थोडी चालू ठेवायची, स्वस्थ बसायचं आणि मग बंद करायची. मग मीही बसू लागलो.

एरवी माणूस घरी पोचतो आणि लगेच घरचा होतो. ती एक घडी मधली असते. बाहेरचं संपलेलं, घरचं सुरू न झालेलं. इंजिन खालच्या सुरात धुमसत असतं, काचेपलीकडे आपलंच दार दिसतं, आणि आपण तिथे असूनही अजून आलेलो नसतो. तिथे बसल्यावर मला शेजारी कुणी आहे असं वाटायचं नाही. त्याहून वाईट वाटायचं. वाटायचं, शेजारी कोणीच नाही, आणि मी बसलोय ती जागा माझी नाही.

याला कारण ती सीट होती. ती लक्षात ठेवणारी होती. किल्ली खिशात घेऊन दार उघडलं, की ती आपोआप मागे सरकायची आणि खाली जायची. शरद उंच होता. मी पाच फुटांच्या जरासा वर. रोज सकाळी सीट त्याच्यासाठी जागा करायची आणि मी ती पुन्हा पुढे ओढून घ्यायचो. कसं बदलायचं ते पुस्तकात होतं. वाचलं, समजलं, आणि केलं नाही. एसी पहिल्यांदा जोरात लावला तेव्हा जाळीतून कापसाचं बारीक तूस उडालं आणि माझ्या चष्म्यावर बसलं. फिल्टर बदलला, पाइप साफ करून घेतले. तरी मध्येच कधीतरी, ऐन उन्हात, एखादा पांढरा तंतू तरंगत यायचा आणि काचेपाशी थांबायचा. मी तो चिमटीत धरायचो आणि कुठे टाकावा ते कळायचं नाही.

गेल्या वर्षी आखाजीच्या आधी आबांचा फोन आला. मला वाटलं, गाडीची चौकशी करतील. ती केलीच त्यांनी आधी. पाणी बघतोस का, तेल बदललं का, दम खाऊ देतोस ना. मग म्हणाले, "शरदनी पहिली आखाजी शे. घागर भरनी शे. तू पितर बसशी का?"

आमच्याकडे ही रीत आहे. घरातलं माणूस गेलं, की पहिल्या आखाजीला त्याच्या नावाने कुणा जिवंत माणसाला जेवायला बोलावतात. दारात त्याचे पाय धुतात, पाटावर बसवतात, आग्रहाने वाढतात. तेवढ्या जेवणापुरता तो माणूस म्हणजे गेलेला माणूस. तो जेवला, पाणी प्यायला, की इकडच्यांचा जीव खाली बसतो. पण पितर बसतो तो घरच्यांतला, सोयऱ्यातला. मी कोण? चष्मे विकणारा, जळगावचा. तसं मी आबांना म्हटलंही.

"सोयरा बठ्ठा शेतस," आबा म्हणाले. "पन त्याना जागावर रोज कोन बसस? तूच ना?"

फोन ठेवताना ते म्हणाले, "गाडी लईसन ये."

लताला हे मुळीच रुचलं नाही. "चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाने मेलेल्याच्या पाटावर बसायचं?" ती म्हणाली, आणि कणीक अशी तिंबली की परात हलली. ती घाबरली होती. मीही घाबरलो होतो, पण तिच्यासमोर दाखवायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एक फोन आला. बाईचा आवाज, अगदी सावकाश.

"मी धुळ्याहून बोलते. गाडीवाल्यांच्या घरून." नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही. "आबांनी तुम्हाला बोलावलं ते मला माहीत आहे. तुम्ही या. जेवायला नक्की या. फक्त एक ऐका, गाडी आणू नका. एसटीने या."

मी बरं म्हटलं. का, ते विचारायचं धाडस झालं नाही. फोन ठेवल्यावर मला ते फरशीवर गरगरणारं भांडं आठवलं.

म्हाताऱ्याला गाडी दारात हवी होती, सुनेला ती नको होती, आणि किल्ली माझ्या खिशात. आखाजीच्या सकाळी मी आमच्या घरची घागर भरली, आईवडिलांच्या नावाने आगारीत, चुलीतल्या निखाऱ्यांवर, घास टाकला, आणि बसस्टँडला जायला म्हणून निघालो. लताने दारात अडवलं. मला वाटलं, नको जाऊ म्हणेल. ती म्हणाली, "तहानलेल्याला पाणी द्यायचंय, त्यात भ्यायचं काय. जेवून या. आणि ताटात काही टाकू नका." मग आबांचं 'गाडी लईसन ये' आठवलं, मी एसटी विसरलो आणि गाडीचं दार उघडलं. सीट मागे सरकली. त्या दिवशी मी ती पुढे ओढली नाही. पाठीमागे उशी घेतली आणि पाय ताणून ब्रेक गाठला. मनाशी ठरवलं, गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवू, तिथून चालत जाऊ. आबांना म्हणता येईल आणली, वहिनीला म्हणता येईल दारात आणली नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवायची माझी जुनी सवय.

रस्ता पांढरा पडला होता. झळांमध्ये पुढचे ट्रक पाण्यातून आल्यासारखे दिसत. पारोळ्याच्या पुढे समोर लाल दिवा लागला, टाकीतलं पाणी कमी झाल्याचा. एसी बंद केला, काचा खाली केल्या, तर भट्टीचं दार उघडावं तसा वारा आत आला. रस्त्याकडेला एक निंब आणि निंबामागे पत्र्याचं घर दिसलं, तिथे थांबलो. घडीभर चालू ठेवून मग बंद केली. बॉनेट उघडलं आणि गार व्हायची वाट पाहत बसलो. कूलंटचा डबा घरी राहिला होता. आबांनी गाडीसोबत दिलेला पाण्याचा पांढरा कॅन मागे होता, पण रिकामा. इस्माईलभाईंच्या धाकाने मी त्यात कधी पाणी भरलंच नव्हतं.

घरातून एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, हातात कळशी. "कथा जाई ऱ्हायनात, भाऊ?" मी धुळं म्हटलं. गाडीला पाणी हवंय, पण साधं चालत नाही, असं काहीतरी पुटपुटलो. "आज आखाजी शे," ती म्हणाली. "आज पानीले कोन नाही म्हनस? पहिले तुम्ही प्या, मंग तिले पाजा."

मी प्यायलो. मग टाकीचं झाकण हळूहळू सैल केलं आणि कळशी वाकवली. बोअरचं पाणी, चुन्याचं, टाकू नका म्हणून बजावलेलं. पुढे त्या पाण्यापायी रेडिएटर उघडून धुवावा लागला आणि इस्माईलभाईंनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण त्या क्षणी गाडीच्या पोटात पाणी उतरल्याचा जो आवाज आला, तो मी घरी सकाळी ऐकलेलाच होता, नव्या घागरीत पाणी पडतानाचा. माझ्या अंगावर काटा आला. भर उन्हात, निंबाखाली, पाठीवरून घाम गळत असताना.

देवपुरात शिरलो तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. ठरवल्याप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली. निळं फाटक तिथून दिसत होतं. पण इंजिन लालबुंद तापलेलं, त्यात रस्त्यात तो प्रकार झालेला. लगेच बंद करायची माझी छाती होईना. म्हटलं, एवढ्या लांब कुणाला ऐकू जाणार. गल्ली दुपारची चिडीचूप होती, घराघरांतून फक्त कुरडया तळल्याचा वास येत होता. मी चालू गाडीत बसून राहिलो. ती मधली घडी सुरू झाली.

फाटक वाजलं. वहिनी बाहेर आली. तोवर मी तिला पाहिलंच नव्हतं. पण उन्हात अनवाणी चालत येणारी बाई दुसरी कोण असणार. हातात पाय धुवायचा तांब्या तसाच. मी घाईने बंद करायच्या बटणाकडे हात नेला. गाडी आणू नका म्हटलेलं, आणि मी आणली होती, वर गल्लीत आवाज करत बसलो होतो. ती खिडकीशी आली.

"बंद करू नका," ती म्हणाली.

माझा हात तिथेच राहिला. ती गाडीकडे बघत नव्हती. समोर, काचेतून आरपार कुठेतरी बघत होती.

"रोज हा आवाज फाटकाशी यायचा," ती म्हणाली. "यायचा आणि थांबून राहायचा. मी आत कणीक मळून बसलेली असायचे. आवाज बंद झाला की तवा ठेवायचा. ते हातपाय धुऊन पाटावर येईपर्यंत पहिली पोळी व्हायची." तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं. "त्या दिवशीही गाडी आली. भाऊजी घेऊन आले होते दवाखान्यातून. आली आणि एकदम बंद झाली. मला कोणी काही सांगितलं नव्हतं अजून. पण मला कळलं, ते नाहीत."

मला भांडं आठवलं. मी गाडी पाहायला आलो होतो तेव्हा मीही तशीच बंद केली होती. ते तिला सांगायची गरज नव्हती.

"घरापर्यंत घ्या," ती म्हणाली. "आणि आज नीट बंद करा."

मी गाडी हळूहळू पुढे घेतली. ती सोबत चालत होती, एक हात दारावर ठेवून. निळ्या फाटकाशी थांबलो. इंजिन चालूच होतं. ओट्यावर नवी घागर भरून ठेवली होती, वर डांगर. आबा आत असावेत. ती फाटकाला टेकून उभी राहिली आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो. मी फार मागे सरकलेल्या त्या सीटवर, पाय ताणून बसलेला. एसीच्या जाळीतून एक तूस निघालं, काचेपाशी तरंगलं आणि खिडकीतून बाहेर गेलं. तिने ते पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. आवाज हळूहळू खाली बसत गेला. मग तिने मान हलवली आणि मी बटण दाबलं.

गल्ली शांत झाली. आतून आबांचा आवाज आला, "उना का रे?"

मी उतरलो. तिने तांब्या माझ्या पायांशी ठेवला.

"ते आले, आबा," ती म्हणाली, आणि तवा ठेवायला आत गेली.